गॅस दिला, तरी मोळी का? एक उत्तर

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सरपणाला गेलेल्या बाईवर वाघाने झडप घातली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. घरी गॅस आहे ना, मग ती जंगलात गेलीच कशाला? बैठकांमध्ये तो विचारला जातो, शहरातून आलेले निसर्गप्रेमी विचारतात, आणि अलीकडे गावातली शिकलेली पोरंही विचारू लागली आहेत. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. त्याच्या मनात उत्तर ठरलेलं असतं: यांची सवय जात नाही, फुकटचं यांना सुटत नाही. मी गोंडपिपरी तालुक्यातली. ज्या बायकांवर हा ठपका येतो त्यांच्यातच माझं आयुष्य गेलं. म्हणून या प्रश्नाला एकदा सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी समोरच्याची बाजू जशी आहे तशी मांडते. 2015 मध्ये राज्य सरकारने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली आणि व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांत सवलतीत गॅस दिला. 2016 च्या मे महिन्यात केंद्राची उज्ज्वला गॅस योजना आली. आज आमच्याकडे शेगडी नसलेलं घर शोधावं लागतं. तरी पहाटे गावावर धूर दिसतो आणि बायका मोळ्या घेऊन येताना दिसतात. एक मोळी म्हणजे जंगलाची एक फेरी, आणि एक फेरी म्हणजे वाघाशी गाठ पडण्याची एक शक्यता. इथवरचं सगळं खरं आहे. यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. गॅस स्वयंपाकासाठी आला आणि स्वयंपाक बऱ्यापैकी गॅसवर गेलाही. आंघोळीच्या पाण्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. पहाटेच्या धुरातला मोठा हिस्सा त्या पाण्याचा असतो.

चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला सत्तेचाळीस अंशांचा उन्हाळा आठवतो. इथे पाणी तापवायची गरज काय, असं त्याला वाटतं. त्याने जानेवारीत वर्धा-वैनगंगेच्या दुआबातल्या एखाद्या गावात पहाटे पाच वाजता उभं राहून पाहावं. धानाच्या बांध्यांवर धुकं बसलेलं असतं आणि रात्रभर उघड्यावर राहिलेल्या टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही. घरात म्हातारी असते, बाळंतीण असते, शाळेत जाणारं लेकरू असतं. पावसाळ्यात रोवणीचे दिवस येतात. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आलेल्या बाईला संध्याकाळी अंगावर घ्यायला ऊन पाणी लागतं. आमच्याकडे याला कोणी चैन म्हणत नाही. बाळंतिणीला आणि बाळाला शेकून, तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालणं हा तर घराघरातला नेम आहे.

हे पाणी कसं तापतं ते जवळून पाहायला हवं. घरामागच्या सांदवाडीत तीन दगडांची चूल असते. पाणी तापवायच्या गुंडाला बाहेरून राख-मातीचा लेप दिलेला असतो, म्हणजे काजळी घासायला सोपी जाते. पण त्याच लेपामुळे आच आत पोचायला उशीर होतो. खाली मनगटापेक्षा जाड लाकूड सारलेलं असतं, कारण बारीक काटक्या पाच मिनिटांत जळून जातात आणि सतत बसून सारायला घरच्या बाईला वेळ नसतो. जाळ गुंडाच्या पोटाला लागतो आणि कडेने वर निघून जातो. वारा आला की तो गुंडाखालून बाहेरच फाकतो. लाकडातल्या उष्णतेचा दहावा हिस्सा, फार तर सातवा-आठवा, पाण्यात उतरतो. बाकीची आकाशात जाते आणि धूर फुंकणारीच्या डोळ्यांत.

आता हिशोब करू. घरात पाच माणसं, प्रत्येकी एक बादली, मिळून शंभर लिटर पाणी. ते सतरा अंशांवरून बेचाळीसवर न्यायचं, म्हणजे पंचवीस अंश चढवायचं. त्याला अडीच हजार किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये सुमारे अकरा हजार किलोकॅलरी असतात आणि शेगडीवरच्या भांड्यात त्यातल्या साठ टक्के उतरतात असं धरू. रोजचा खर्च पावणेचारशे ते चारशे ग्रॅम. 14.2 किलोचं सिलिंडर निव्वळ आंघोळीसाठी पाच-सहा आठवड्यांत रिकामं. स्वयंपाकाचा गॅस वेगळा. सिलिंडरच्या दरात उज्ज्वलाची सवलत धरली तरी रोजमजुरीवर जगणारं घर हिवाळ्यात स्वयंपाकाव्यतिरिक्त आणखी दोन-तीन सिलिंडर जाळू शकत नाही. त्या घरची बाई हा हिशोब कागदावर मांडत नसेल, पण तिला तो पक्का ठाऊक असतो. म्हणून ती गॅस भाजी-भाकरीसाठी राखते आणि पाण्याखाली लाकूड घालते. हा संसार नेटाने चालवायचा शहाणपणा आहे. त्याला सवय म्हणून हिणवणाऱ्याने आपल्या घरचं एक सिलिंडर पाण्यासाठी बाजूला काढून ते किती दिवस पुरतं ते पाहावं.

मग वीज वापरा, असं सांगितलं जातं. तेवढंच पाणी विजेच्या रॉडने तापवायला रोज तीन युनिट लागतात, महिन्याला नव्वद. महावितरणच्या घरगुती दराचा सर्वांत स्वस्त टप्पा शंभर युनिटांवर संपतो. दोन दिवे, पंखा आणि टीव्ही असलेलं घर या नव्वद युनिटांनी तो टप्पा ओलांडतं आणि पुढची युनिटं महाग दराने मोजतं. आमच्याच जिल्ह्यात 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र कोळसा जाळून उभ्या महाराष्ट्राला वीज देतं. त्या राखेत जगणाऱ्या जिल्ह्यातल्या गरिबाने लाकडाची मोळी टाकून त्याच कोळशाची वीज चढ्या दराने घ्यावी, हा सल्ला मला न्यायाचा वाटत नाही. शिवाय बादलीत उघडा रॉड टाकायचा, घरात लहान पोरं फिरतात, आणि जुन्या वायरिंगला आर्थिंगचा पत्ता नसतो. धोक्याची भाषा जंगलापुरतीच बोलून कशी चालेल?

सौर बंबाला माझा विरोध नाही. पक्क्या छताच्या घरांनी, शाळांनी, आश्रमशाळांच्या वसतिगृहांनी तो जरूर बसवावा. पण कवेलूच्या छतावर दीडशे लिटर पाण्याचा भार ठेवता येत नाही, त्याला वरून पाणी देणारी टाकी लागते, वानरांचा कळप काचेच्या नळ्यांवर नाचून जातो, आणि पाणी सर्वांत जास्त लागतं ते धुक्याच्या आणि झडीच्या दिवसांत.

राहता राहिला तो साधा बंब. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाड्यांत तांब्याचा बंब पिढ्यान्‌पिढ्या होता, आमच्याकडे तो कमी घरांत पोचला. त्याची रचना पाहिली की त्याचं मोठेपण कळतं. मधोमध एक उभा नळा, नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेचं दार, आणि नळ्याभोवती पाण्याचं भांडं. जाळ नळ्यातून वर जातो तेव्हा त्याच्या चारही बाजूंना पाणी असतं. खालच्या दारातून हवा ओढली जाते, म्हणून जाळ फुंकावा लागत नाही. वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर येतं. नीट बांधणीच्या बंबात लाकडाच्या उष्णतेचा तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो असं धरायला हरकत नाही. मघाच्या शंभर लिटरला उघड्या चुलीवर साडेपाच किलोच्या आसपास सुकं लाकूड लागतं, बंबात दोन किलो. शंभर दिवसांच्या हिवाळ्यात साडेपाच क्विंटल विरुद्ध दोन क्विंटल. बावीस किलोची मोळी धरली तर पंचवीस फेऱ्या विरुद्ध नऊ. वाघाच्या जंगलातल्या सोळा फेऱ्या वाचतात, आणि त्यासाठी कुणावर गुन्हा दाखल करावा लागत नाही.

ही कल्पना माझी नाही. वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेच्या अभ्यासकांना चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावांत दिसलं की गॅस आल्यावरही पाणी तापवायला लाकूड जळतंच आहे. मग त्यांनी 'हीटर ऑफ होप' या नावाने कमी सरपणावर चालणारे बंब वाघांच्या वाटेवरच्या गावांत द्यायला सुरुवात केली. वाघ वाचवायला निघालेली माणसं न्हाणीच्या पाण्यापर्यंत आली, कारण त्यांनी घरात जाऊन विचारलं. हाच शोध सरकारी योजनांनाही लागू शकला असता, फक्त योजना लिहिण्याआधी एखाद्या पहाटे कुणाच्या सांदवाडीत जाऊन बसायला हवं होतं.

यावर एक जाणता आक्षेप येतो आणि त्याला बगल देणार नाही. बंब दिला म्हणजे लाकडाचा वापर कायम राहिला, फेऱ्या कमी झाल्या पण थांबल्या नाहीत, एक फेरीही जीव घेऊ शकते. बरोबर आहे. पण बंबाच्या नळ्यात काय मावतं ते पाहा. नळा अरुंद असतो, त्यात ओंडका जात नाही. हातभर लांबीच्या बारीक काड्या लागतात. म्हणजे बंब आला की जाड लाकडाची गरज संपते आणि जंगलाकडे पाठ फिरवता येते, कारण बारीक काड्या आमच्या शेतात पडलेल्या आहेत. गोंडपिपरी धानाचा तसा कापसाचाही तालुका. एक हेक्टर कापसाच्या शेतातून दोन-तीन टन पऱ्हाटी निघते आणि बहुतेक ठिकाणी ती धुऱ्यावर पेटवून दिली जाते. एका घराच्या हिवाळ्याला बंबात दोन क्विंटल पुरतात. अर्ध्या एकराची पऱ्हाटीही उरून पडेल. तुरीच्या तुऱ्हाट्या आणि बांधावरच्या बाभळीच्या छाटणीची गणती वेगळीच. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग तसाही डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करायला सांगतो. इथे एक काळजी घ्यायलाच हवी. बोंडं लागलेली पऱ्हाटी घराजवळ रचून ठेवली तर अळी पुढच्या हंगामापर्यंत तिथेच जगते. म्हणून वाळकी, किडकी बोंडं झाडून लगेच जाळायची आणि पऱ्हाटीचे हातभर तुकडे करून ठेवायचे. गावात एक कुट्टीयंत्र असेल तर दोन-तीन दिवसांत गावाचा हिवाळा निघतो. ज्या घराला शेत नाही त्याला शेजाऱ्याच्या धुऱ्यावरची पऱ्हाटी मागून मिळते, कारण शेजाऱ्याला ती हटवायचीच असते. जंगलात जिथे घाणेरी माजली आहे तिथे वनखात्याने ती काढून गावाला द्यावी. चाऱ्यालाही जागा होईल.

दुसरा आरोप जास्त जुना आणि जास्त दुखावणारा आहे: मोळीवाल्या बायकांनी जंगल संपवलं. चंद्रपूर-गडचिरोलीचा सागवान कुठे जातो हे बल्लारशाहच्या डेपोत उभं राहिलं की कळतं. 2023 च्या मार्चमध्ये तिथूनच अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान वाजतगाजत रवाना झालं. त्याचा आम्हालाही अभिमान वाटला. पण ज्या मातीतून ट्रकच्या ट्रक इमारती लाकूड नियमाने बाहेर जातं, त्या मातीतली बाई वाळलेल्या काटक्या डोक्यावर आणते तेव्हा तिला चोर म्हणायचं, हे सहन होत नाही. बांबूही अनेक दशकं कागद गिरणीच्या करारांवर गेला. या सगळ्याच्या तुलनेत मोळीचा वाटा काय, याचा विचार न करता बोट उचललं जातं, कारण मोळी रस्त्यावर दिसते आणि ती वाहणारी उलट बोलत नाही.

आणि कायदा काय म्हणतो? या भागात निस्ताराचे, म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेण्याचे, हक्क मध्य प्रांताच्या काळापासून चालत आले आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने ते नाव घेऊन मान्य केले. त्याच कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, तेंदू, मध यांच्या बरोबरीने झुडपी लाकूड आणि खुंटं आहेत. 2008 च्या मूळ नियमांनी तर वाहतुकीच्या साधनांत डोक्यावरची मोळी, सायकल आणि हातगाडी यांचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे जिला नाक्यावर अडवून विळा-कुऱ्हाड काढून घेतली जाते, तिच्या मोळीला देशाच्या कायद्याचा आधार आहे.

हक्क मिळाला की लोक जंगल ओरबाडतात, असं म्हणणाऱ्यांना मी लांब पाठवत नाही. वनहक्क मिळवून जंगल राखणारं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहा. 2012 मध्ये त्या गावाला 1006 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने स्वतःचे नियम केले, आळीपाळीने राखण सुरू केली, बांबू स्वतः तोडून स्वतः विकला. तेंदूच्या हंगामात फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात हे पाहून त्यांनी तेंदूचं रोख उत्पन्न सोडून दिलं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या गावाबद्दल आपुलकीने लिहिलं आहे. जंगलाचं भलं कशात आहे हे ठरवायला ज्यांना अधिकार दिला त्यांनी ते असं ठरवलं. सरपण कुठून, कधी, किती आणायचं हेही ग्रामसभा ठरवू शकते. जाळीत एकटीने शिरायचं नाही, गटाने जायचं, ठरलेल्या वारी ठरलेल्याच कक्षात जायचं. हे नियम गावाने केले तर पाळले जातात. बाहेरून लादलेल्या बंदीने बाई पहाटेच्या अंधारात, एकटी, लपूनछपून जाते, आणि तीच वेळ वाघाची असते.

सगळे बळी सरपणाचे नसतात, हेही नोंदवायला हवं. 2025 च्या मेमध्ये सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या तेंदूपानं तोडायला गेल्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला जातात. तेंदू आणि मोह ही घरातली वर्षाची रोकड आहे, तिला कोणतंच सिलिंडर पर्याय नाही. तिथेही "गॅस असताना गेलीच कशाला" हा प्रश्न विचारणाऱ्याला तेंदूचा हंगाम कोणता हेच ठाऊक नसतं.

तिसरा मुद्दा मागासलेपणाचा. लाकूड जाळणं ही गेलेल्या काळाची गोष्ट, असं मानणाऱ्यांनी थंड मुलखांकडे पाहावं. काश्मिरात मशिदींच्या आणि जुन्या घरांच्या हमामात दगडी फरशीखाली लाकूड पेटवतात. त्याच आचेवर तांब्याच्या भांड्यातलं पाणी तापतं, धूर फरशीखालच्या पोकळीतून जातो आणि लोक त्या उबदार फरशीवर बसतात. कोरियातली ओंडोलची घरं शतकानुशतकं याच तत्त्वावर उभी आहेत. ऑस्ट्रियात आज तेलाचे बॉयलर काढून लाकडाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर बसवणाऱ्या घराला सरकार अनुदान देतं. तिथे बॉयलर तळघरात असतो, तापलेलं पाणी मोठ्या टाकीत साठवतात आणि नळ्यांतून सगळ्या खोल्यांत फिरवतात. लाकूड धुमसत ठेवायचं नाही, भरपूर हवेवर झपाट्याने जाळायचं आणि उष्णता पाण्यात साठवायची, हे त्या यंत्राचं सूत्र. आमच्या बंबाचंही तेच. आम्हाला फरशी तापवायची गरज नाही, उन्हाळ्यात ती आपोआप तापते. पण लाकूड आमच्या सांदवाडीत जळलं तर मागास आणि ऑस्ट्रियाच्या तळघरात जळलं तर पर्यावरणपूरक, हा भेद मला मान्य नाही. फरक यंत्राचा आहे, आणि यंत्र देता येतं.

धुराबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही. चुलीच्या धुराने आमच्या बायकांची फुप्फुसं आणि डोळे खाल्ले आहेत. स्वयंपाकघरात चूल परत यावी असं मी कधीही म्हणणार नाही. स्वयंपाक गॅसवरच व्हावा, त्यासाठी सिलिंडर आणखी स्वस्त व्हावं आणि ते गावापर्यंत वेळेत पोचावं. बंब अंगणात किंवा सांदवाडीत, उघड्यावर ठेवायचा. बंद न्हाणीघरात पेटता बंब किंवा निखारे ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण तिथे साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. बंब देणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट बंबासोबत तोंडी सांगितली पाहिजे.

आणि देणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. योजनेतून आलेल्या पातळ पत्र्याच्या वस्तू आम्ही पाहिल्या आहेत. दोन हिवाळ्यांत सांधा गळतो, तोटी बसते, जाळी जळून खाली पडते, आणि मग वस्तू कोंबड्या झाकायला जाते. तेव्हा पुन्हा ऐकू येतं की लोकांना वापरायची अक्कल नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, भांड्याच्या आतून थर चढतो. म्हणून आत हात जाईल एवढं झाकण हवं, जाळी बदलता येणारी हवी, आणि दुरुस्तीसाठी गोंडपिपरीच्याच बाजारातला वेल्डर पुरेल अशी साधी बांधणी हवी. बंबाची निवड बायकांनी करावी. दोन-तीन नमुने गावात आणून आठ दिवस वापरून पाहावेत आणि मगच खरेदी व्हावी. एका बंबाला जो खर्च येईल तो वाघाने मारलेल्या माणसाच्या वारसांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या शेजारी ठेवून पाहिला, तर पैसा नाही हे कारण कुणी पुढे करणार नाही.

गोंडपिपरीला लागून कन्हाळगाव अभयारण्य झालं आहे. 2020 च्या डिसेंबरमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्याला मान्यता दिली. वाघ इथे राहणार आहेत, आम्हीही इथेच राहणार आहोत. म्हणून माझी तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला, आणि विशेष करून तिथल्या महिला सदस्यांना, विनंती आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. गावातल्या प्रत्येक घरात पाणी कशावर तापतं याची यादी करावी. वनखात्याने आणि पंचायतीने मिळून, गावाने निवडलेला बंब थंडी पडायच्या आत द्यावा. पऱ्हाटीसाठी एक कुट्टीयंत्र घ्यावं. सभेला वनरक्षकाला बोलवा आणि ठरावाची प्रत त्याच्या हातात द्या. आणि त्या दिवशी कोणी विचारलंच की गॅस असताना लाकूड कशाला, तर त्याला शंभर लिटर पाण्याचा हिशोब उभा राहून वाचून दाखवा.